उत्तरेकडची खोली

बुऱ्हाणपूर स्टेशनवर आईने माझ्या हातात लोकरीचे मोजे कोंबले तेव्हा मे महिना होता. पत्र्याखाली उभं राहूनही डोकं तापत होतं, आणि आई सांगत होती, "बाई, तिकडे ठंडी लई राहते. पाय उघडे ठेवू नको." आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या, शाहपूरच्या शेतातून तसेच आले होते. केळीची कटाई चालू होती, शर्टभर चिकाचे तपकिरी डाग होते. ते माझी बॅग एकदा डाव्या बाजूला ठेवायचे, एकदा उजव्या. नितीन, माझा नवरा, चार महिने आधीच कॅनडात विनिपेगला पोचला होता. ट्रकच्या वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळालं होतं. गाडी हलली आणि, आता कबूल करते, मला रडू आलं नाही. मला जायचंच होतं.

शाहपूरला राहिलेल्या माझ्या माणसांनो, फोनवर मी तुम्हाला नेहमी "सगळं मस्त आहे" असं सांगत आले. मस्त होतंही. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता, हे कधी सांगितलं नाही. आणि माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना ते सांगायची गरज नाही.

पहिली काही वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये गेली. एकूण तीन घरं बदलली. सगळ्यांच्या भिंती पांढऱ्या, आणि त्यात एक खिळा ठोकायचीही परवानगी नाही. आपल्याकडे दर दिवाळीला काहीतरी रंग निघतो, निदान चुन्यात नीळ तरी पडते. इथे पाच महिने खिडकीबाहेर बर्फ पांढरा, आत भिंत पांढरी. मी नितीनला म्हणायची, "मला दवाखान्यात भरती केल्यासारखं वाटतं." तो हसायचा. संध्याकाळी मी इंग्रजीच्या वर्गाला जायची आणि दिवसा एका रंगाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. गिऱ्हाईक रंगाचं कार्ड दाखवायचं, मी मशीनमधून डब्यात थेंब सोडायची, डबा हलवायची, झाकणावर बोटभर रंग लावून द्यायची. शेकडो रंगांची नावं मला पाठ झाली होती आणि त्यातला एकही माझ्या भिंतीवर नव्हता.

मग आमचं स्वतःचं छोटं घर झालं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. हॉल दोन वर्षांत तीनदा रंगवला. आधी पिस्ता, मग लिंबोणी, मग जांभळट. प्रत्येक रंग लावताना वाटायचं, आता जमलं. महिनाभराने तिथे सोफ्यावर बसवत नसे. बेसमेंटमध्ये अर्धवट डब्यांची रांग लागली. मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची. शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "मम्मा, टुडे कौनसा कलर?" नितीन म्हणाला, "वंदना, बाहेरून घर तेवढंच आहे, रंगाच्या थरांनी आतून लहान होत चाललंय." मी हसले नाही.

त्याच सुमारास आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आप्पा माझ्या भावाच्या कुटुंबात होते, त्यांना काही कमी नव्हतं, पण ते दिवसभर अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे म्हणे. मी हट्ट धरला. सहा महिन्यांसाठी या, मग आवडलं तर कायमचं बघू. बरेच महिने नाही नाही म्हणत शेवटी ते तयार झाले.

त्यांच्यासाठी मी उत्तरेकडची खोली निवडली. शाहपूरला आमची उत्तरेची खोली सगळ्यात भाग्याची. वैशाखात अख्खं घर भट्टी झालं तरी तिथे गारवा असायचा, आप्पा दुपारी तिथेच आडवे व्हायचे. तिचा रंग आसमानी होता. मी दुकानात चार वेळा थेंब कमीजास्त करून हुबेहूब तोच आसमानी बनवला. वर पांढराशुभ्र लाइट लावला, आपल्या ट्यूबलाइटसारखा. दोन दिवस एकटीने भिंती रंगवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादी खोली मला मनासारखी वाटली.

आप्पा ऑक्टोबरच्या शेवटी आले. खोली बघून म्हणाले, "अरे वा, आपली खोली." मला भरून आलं. पण पंधरा दिवसांत ते दिवसाही स्वेटर, टोपी, वर शाल घेऊन बसायला लागले. मग खोलीत थांबेनातच. सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची आणून गॅसजवळ बसायचे, दुपारी ईराच्या पलंगावर लवंडायचे. मी हीटर वाढवला. आम्ही उकाड्याने बेजार, आणि आप्पा शालीतच. मला वाटलं, तब्येत बिघडली. डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक निघालं. मग वाटलं, मी केलेलं त्यांना पसंतच नाही. एका दुपारी मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "आप्पा, ती खोली मी तुमच्यासाठी केलीय. तिथे का बसत नाही?"

ते शालीचं टोक चाचपू लागले. "तुले वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, बाई. मले त्या खोलीत ठंडी वाजते. भिंतीकडे पाहिलं की वाजते."

मी काहीतरी ताडकन बोलणार होते, पण त्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीबाहेर बर्फ, त्यावर राखाडी आभाळ. उत्तरेच्या खोलीत ऊन म्हणून येत नव्हतंच. आत येत होता तो निळसर, मेलेला उजेड, आणि तो माझ्या आसमानी भिंतींवर पडून आणखी निळा होत होता. वरचा पांढरा लाइट त्यात भर घालत होता. रोज दुकानात लोकांना रंग विकणारी बाई मी. उन्हापासून वाचायला केलेली खोली मी उन्हासाठी तरसणाऱ्या गावात आणून ठेवली होती. आप्पा जवळजवळ महिनाभर रोज रात्री त्यात निमूट झोपले होते.

मी तशीच गाडीची किल्ली घेतली. आज्जच पिवळा आणते म्हणाले, अगदी हळदीचा. आप्पा म्हणाले, "थांब ना जरा. कापायच्या आधी केळीचा घड पाहावा लागते. सकाळी एक दिसते, दुपारी एक."

मग त्यांनी माझ्याकडून सात छोट्या सॅम्पल बाटल्या आणवल्या. भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे चौकोन ओढायला लावले आणि आठ दिवस रोज तीन वेळा जाऊन ते बघत उभे राहिले. मी चरफडत होते. एवढ्या वेळात मी दोन खोल्या रंगवल्या असत्या. पण त्यांचं बरोबर होतं. माझा हळदी पिवळा सकाळी बरा दिसायचा आणि दुपारच्या त्या उजेडात हिरवट पडायचा. आप्पा खूप दिवसांनी हसले. "ही तर कच्ची केळी. ही नको." ईरालाही नाद लागला. शाळेतून आली की आजोबांचा हात धरून मार्क द्यायला जायची. शेवटी एक फिकट रंग राहिला, गेरूत भरपूर दूध ओतल्यासारखा. तिन्ही वेळा तो तसाच राहत होता. संध्याकाळी पिवळसर बल्ब लावला की भिंत शेकोटीजवळ बसलेल्या माणसाच्या गालासारखी व्हायची.

रंग आम्ही दोघांनी मिळून लावला. बाहेर उणे अठ्ठावीस, खिडकी उघडायची सोय नाही, म्हणून कमी वासाचा रंग आणला होता. आप्पा खालची बाजू करायचे, मी वरची. त्यांचा हात संथ. ते रोलर वरून खाली एकसारखा न्यायचे आणि मी मधेच कुठेतरी सुटलेला भाग दिसला की तिकडे धावायची. "पहिली भिंत पुरी कर," ते म्हणायचे. काम करता करता ते आईबद्दल बोलले. तोपर्यंत फोनवर किंवा समोर, कधीच बोलले नव्हते. शेवटच्या दिवसांत ती माझं नाव घेऊन भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून रागवायची, मी तिथे नाही हे विसरून. मी रोलर ट्रेमध्ये ठेवला आणि जमिनीवर बसून रडले. स्टेशनवरचं राहिलेलं सगळं रडले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्यांची भिंत पुरी करत राहिले.

त्यानंतर ते त्या खोलीत राहिले. शाल गेली, टोपी गेली. मला वाटलं, जिंकलं. मी व्हिसा वाढवायचे कागद जमवायला घेतले.

मार्चमध्ये एक दिवस चहा पिताना ते म्हणाले, "माझं तिकीट आहे ना, त्याच तारखेले जाईन मी."

"खोली पसंत नाही का अजून?"

"खोली पसंत आहे. पण मले इथं करमत नाही, बाई. बोलाले कोणी नाही, पाहाले शेत नाही."

"मग एवढी मेहनत कशाला केलीत? आठ दिवस रंग बघत उभे होतात!"

"जायचं मी तेव्हाच ठरवलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "खोली माझ्यासाठी नव्हती. तू सगळ्या घरभर फिरते, कुठं बसत नाही. म्हटलं, एक खोली तरी होऊ दे तुले बसाले."

ते एप्रिलमध्ये गेले. दोन आठवडे मी रागाने त्या खोलीचं दार उघडलं नाही. मग शिलाई मशीन तिथे नेलं, ईरा अभ्यासाला येऊ लागली, नितीनही वर्कशॉपमधून आला की चहा घेऊन तिथेच टेकायला लागला. हॉल अजून जांभळटच आहे. माझे हात अजून शिवशिवतात, नाही असं नाही. दुकानात नवीन आलेली माणसं गावचा रंग मागतात तेव्हा मी सांगते, एक हिवाळा जाऊ द्या, आधी भिंत बघा.

गेल्या वर्षी शाहपूरला गेले होते. स्वयंपाकघरात वांगी चिरत होते, तेवढ्यात बाहेर कुणा शेजाऱ्याने आप्पांना विचारलं, "काय हो, पोरगी घरी आली म्हणे?"

"हाव, पाहुणी आली," आप्पा म्हणाले. "घर तिचं तिकडे आहे. म्या पाहिलं ना."

 बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं, आप्पा, पाहुणी काय म्हणता, हे माझंच घर आहे. उठलेही. मग दाराशी थोडा वेळ उभी राहिले, आणि परत येऊन वांगी चिरायला बसले.