मधी बघायचं नाय

तेजस्वी खाडीपट्टीतली, मिठागरवाल्या दयारामची पोर. अलिबागच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये मदतनीस. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा तिला चांगली येते, पण वर्गापुढं उभं राहून शिकवायला कुणी दिलं नव्हतं. यंदा क्वांटम प्रोग्रामिंगचा नवा वर्ग निघाला. विभागाचे हरेश्वर सर म्हणाले, "शनिवारी एक छोटा प्रोग्राम चालवून दाखवा. जमलं तर वर्ग तुमचा. नाहीतर पनवेलचा माणूस बोलावतो."

प्रोग्राम चार-पाच ओळींचा. कॉलेजच्याच कंप्युटरवर क्वांटम संगणकाची नक्कल चालते, त्यात एक क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, शून्यावर ठेवायचा आणि त्याला हॅडमार्ड नावाचं गेट, म्हणजे त्याची स्थिती फिरवणारी क्रिया, लावायची. मग मोजलं तर शून्य येईल की एक, दोन्ही सारखंच शक्य. तेच गेट परत लावलं की क्युबिट शून्यावर येतो, दर खेपेला. तेजस्वीचा प्रोग्राम मात्र निम्म्या वेळा एक दाखवत होता.

तिनं क्वांटमची तयार कोड-लायब्ररी कंप्युटरातून काढून परत टाकली. तेच. लॅबमधला अल्पेश म्हणाला, "मॅडम, तुमच्या आगराचं पानी शिरलं वाटतं कंप्युटरात."

"तू तुझा प्रिंटर बघ. कागद खातोय कवाचा."

खोट तिच्या वळणातच होती. मिठागरात एका वाफ्यातलं पाणी पुढच्यात सोडताना बोट बुडवून चव घेतात. कमी खारं, कच्चं पाणी पुढं गेलं तर मीठ बसत नाही. पायथॉनमध्येही ती प्रत्येक ओळीनंतर किंमत छापून बघायची. आजवर त्यानं भलंच झालं होतं. इथंही दोन गेटांच्या मधे तिनं मोजमापाची ओळ घातली होती.

शुक्रवारी, उद्या मोठ्या पडद्यावर आकड्यांची गर्दी नको म्हणून तिनं ती ओळ काढली. सगळी शून्यं आली. परत घातली, निम्मं-निम्मं. मोजलं की क्युबिटाला शून्य नाहीतर एक व्हावंच लागतं. मग दुसऱ्या गेटाला परत फिरवायला काही उरत नाही. हे तिनं वाचलं होतं. हाताला कुठं ठाऊक?

शनिवारी सरांपुढं तिनं दोन्ही प्रोग्राम चालवले, मधे मोजणारा चुकीचा आधी.

सरांनी विचारलं, "मधे क्युबिट कसा होता, असं पोरांनी विचारलं तर?"

"गणितानं काढता येतं, सर. बघून नाय. बघितलं का मोडला. मना पन अजून ते गिलवत नाय."

"वर्गात हेच सांगणार?"

"व्हय. मी अडकले तितंच तेही अडकतील."

सर म्हणाले, "सोमवारपासून घ्या. फक्त बोलणं जरा शुद्ध ठेवा."

"ते नाय जमायचं, सर."

सरांनी वर्गाची चावी तिच्यापुढं सरकवली.