गुंबाओकाकांचे पांढरे केस

गुंबाओकाका उद्या संध्याकाळी रिसॉर्टातल्या कामावरून सुटतील आणि नेहमीसारखे काजूच्या झाडांतून पायी येतील. घरापर्यंत पोहोचतील का, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

काका माझ्या नवऱ्याचे चुलते. नवरा गेल्यापासून आम्हाला वडीलधारे तेच. तरुणपणी माडांवर चढून माडी काढायचे. ते माड होते तिथे आता रिसॉर्टच्या पाहुण्यांचा पोहण्याचा तलाव आहे. मग काकांनी वर्षानुवर्षं तिथल्याच बागेला पाणी घातलं. कंबर गेली, तेव्हा पाहुण्यांसाठी होणाऱ्या संध्याकाळच्या नाचात त्यांना मांत्रिक केलं. अंगावर कातडं, हातात खुळखुळा, गोऱ्या पाहुण्यांवर राख फुंकायची.

"बायका आधी किंचाळतात, मग टाळ्या वाजवतात," काका हसायचे. "जन्मात मला कोंबडीसुद्धा घाबरली नव्हती गं!"

आमच्याकडे म्हाताऱ्याचं डोकं पांढरं झालं की लोक चेटक्या म्हणू लागतात. म्हणणाऱ्याचा डोळा बहुधा त्याच्या जमिनीवर असतो. गेल्या वर्षी काकांच्या सख्ख्या भावाला भरदुपारी अंगणात कोयत्यांनी तोडलं. मान एका घावात तुटली नाही. ते रांगत खुराड्यापर्यंत गेले, तिथे संपवलं. मग गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी केस काळे केले. काकांनीही. पण मॅनेजर म्हणाला, मांत्रिक पांढराच हवा. काकांनी डोकं भादरून पुन्हा पांढरे उगवू दिले. वर रिसॉर्टने हमरस्त्यावर त्यांचा फोटो लावला. डोळे वटारलेले, हातात कवटी. कवटी प्लास्टिकची. पण गावाने फोटोच पुरावा मानला.

परवा शेजारच्या दामाचं बाळ तापाने गेलं. काल विहिरीपाशी पोरांनी काकांना घेरलं. दगड, लाथा, मग कोयता. कानाचा तुकडा उडाला, खांदा चिरला. बायका ओरडत धावल्या, म्हणून जीव वाचला. काका माझ्या दारात येऊन बसले होते, सदरा रक्ताने चिकट झालेला.

"कोण होते, काका?"

"डोळ्यांवर ऊन होतं."

तेवढ्यात माझा मुलगा चेंगो कळशी घेऊन आत आला. काकांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मी चेंगोला बाहेर ओढलं. "तू होतास?"

"त्याने स्वतःच कबूल केलंय, आई. रस्त्यावर फोटो लावलाय!"

"ते नाटक आहे, गाढवा!"

"बाळ नाटकात मेलं का? आणि त्याची जमीन विकून घर बांधलं, की तूच मिरवशील."

मी थोबाडीत मारली. तो हसला.

आज सकाळी काका डोक्याला फडकं बांधून कामाला निघाले. मी अडवलं. "रक्त बघून पाहुणे जास्त खूश होतील," म्हणाले. आजची रात्र तिथेच नोकरांच्या खोलीत काढून उद्या परततील. इकडे चेंगोने दिवसभर कोयत्याला धार लावली. मी कोयता लपवला, तर मित्राचा घेऊन आला. "उद्या काजूखाली काम पुरं करतो," तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. मी गावच्या मुखियाकडे गेले, तर तो म्हणे घरातलं घरात मिटवा.

काकांना एक दिवस थांबवता येईल. नंतर? चेंगोला सोडून बाकीच्यांची नावं पोलिसांना द्यावीत, असंही मनात आलं. पण मग चेंगो हातात कोयता घेऊन मोकळाच राहील. खून केला तर जन्मभर तुरुंगात सडेल, किंवा हाच जमाव कधीतरी उलटून त्यालाच जाळेल.

पोलीस ठाण्यातल्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. आत्ताच लावते. त्या नावं विचारतील. पहिलं चेंगोचं सांगणार आहे.