बॉनेटवरच्या जाळ्या

माझ्या जुन्या पिकअपच्या बॉनेटवरील जाळ्यांतून हवा जात नाही, म्हणून जिंतूरच्या पत्राकाम करणाऱ्याने मला फसवले, असे वालूरच्या पारावर सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. त्याचे नाव मी विचारले नाही, पण बॉनेटवरून तळहात फिरवत तो म्हणाला होता, “काका, पत्रा कापला तर पावसाचं पानी इंजनात जाईल. जाळ्या नुसत्या वरूनच बसवू का? इंजनाला हवा लागनार न्हाई. लोक तुमाला हसतेल बरं का.”

“हसू देत,” मी म्हणालो. “गाडी रुबाबदार दिसली पाहिजे.”

आता गावातले कोणी त्याच्याकडे गाडी नेत नाही. हौस माझी होती. हसायचे तर मला खुशाल हसा. त्याला लबाड म्हणायचे असेल, तर आधी माझ्यासमोर या.