जंतूबाई

जंतूबाईंना लाज म्हणून नव्हती. पाझर तलावाच्या कामावर, चार गड्यांदेखत, एखाद्या पोटुशीला खणखणीत आवाजात विचारत, "लघवीला जळजळ हुती का गं?" ती बिचारी पदरात तोंड लपवी. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्या आमच्या भागातल्या नर्सबाई. येरमाळ्याकडून पायी येत. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण उठता-बसता त्यांच्या तोंडी जंतू. "दिवस गेले की अंगातले जंतू बी बदलतेत. येरवी गप पडून असतेत, आता लघवी दाबून धरली की वर चढतेत. मग थंडीताप. पानी प्या गं बायांनो!"

पण प्यावं कसं? बहात्तरचा दुष्काळ. माळावर आडोशाला एक झुडूप उरलं नव्हतं. पाणी प्यायलं की जावं लागणार, म्हणून टँकर आला तरी आम्ही नुसते ओठ ओले करायचो आणि खडी फोडत बसायचो.

बाईंनी कामावर खायला वाटायच्या सुकडीची रिकामी पोती काठ्यांना बांधून आडोसा केला. मुकादम खेकसला, "कामाला आल्यात का मुतायला?"

"तुझ्या आईला असंच कुणी आडवलं असतं, तर तुझं त्वांड दिसलं नसतं आमाला!"

मुकादम पाठ फिरवून निघून गेला, पण एक बाई आत जाईल तर शपथ! कोण शिरतंय ते अख्ख्या माळाला दिसणार ना. शेवटी "म्या चालले गं," असं ओरडून बाईच आधी गेल्या. मग आम्ही.

माझी थोरली जाऊ, अक्का, मात्र गेली नाही. सातवा महिना होता तिला. सासरे त्याच कामावर होते, त्यांच्या डोळ्यांदेखत कशी जाणार?

मग तिला हुडहुडी भरली. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय." बाईंनी गोळ्या दिल्या, बजावलं, "ताप उतरला तरी सोडू नका." दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि सासूबाईंनी उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. गोळ्या उष्ण, पोर गळेल म्हणून!

ताप उलटला. अक्काला बैलगाडीत घातलं. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, ते काय पळणार? अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बाई सारख्या म्हणत होत्या, "डोळं उघड, माय. माझ्याकडं बघ." कळंबचा दवाखाना आलाच नाही. वाटेतच मूल गेलं, मग अक्का. देवा, एवढ्याशा गोष्टीपायी बाई मरते का हो?

राख सावडून माणसं परतली, तेव्हा बाई आल्या. मलाही दिवस गेले होते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते मी बाईंच्या कानात सांगितलं.

"आता मला भ्या वाटतंय गं," एवढंच म्हणाल्या. मग आत जाऊन तांब्या भरून आणला. "माझ्याम्होरं पी."

सासरे ओसरीवर बसले होते. मी रडत रडत सगळं पाणी प्यायले आणि थोड्या वेळानं त्यांच्यासमोरून उठून परसात गेले.