नानांचा भाऊ

मास्तराच्या नोकरीत काय काय करावं लागतं, विचारूच नका. पिंपळनेरच्या वर डोंगरात माझी शाळा. नव्वदच्या सुमारास तिथे जमिनीतलं तेल शोधणारे साहेब आले आणि मला आदिवासींची बोली येते म्हणून दुभाषा करून टाकलं. नुसता वैताग!

साहेबांना बोअर मारायचं होतं ते माळावर. तिथे पाड्याच्या पूर्वजांचे दगड उभे. पाड्याचे कारभारी नाना दर वेळी एकच म्हणत, "बठ्ठास्ले इचारनं पडी." बठ्ठे म्हणजे सगळे, जिवंत आणि दगडातले, दोन्ही. साहेब माझ्यावर भडकायचे, जसा काही मीच त्या दगडांचा मामा! मी नानांना म्हणायचो, "अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, माझे पाय सुजले!" नाना विडी पेटवायचे.

शेवटी साहेबांनीच शक्कल लढवली. मोहाची बाटली नेली आणि देवाला खूश करावं तशी नानांच्या वडिलांच्या दगडावर स्वतः धार सोडली. मी "अहो साहेब, थांबा" म्हणेपर्यंत उरकलंसुद्धा. पाड्यात ती धार फक्त मुलगाच सोडतो. नानांनी साहेबांना मिठीच मारली. "तू आते आमना भाऊ शे. बापना डोकावर कोन खड्डा करस?" साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण मशीन काही माळावर आलं नाही.

पुढे साहेब बढतीवर गेले. नवे साहेब जीपमधून उतरायलाही तयार नाहीत. पुन्हा मीच! नाना म्हणाले, माळ सगळ्या भावांचा, आमच्या भावाला विचारा. घ्या! आता तो भाऊ मी कुठून आणू?

पिंपळनेरच्या पोस्टात जुन्या साहेबांना ट्रंककॉल लावून अर्धा दिवस बसलो. शेजारी नवे साहेब धुसफुसत. लाइन लागली तसं मी ओरडून सगळं सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, "फोन त्यांना द्या."

नव्या साहेबांनी ऐकलं आणि रिसीव्हर आपटला. "मशीन दुसरीकडे न्या म्हणतात. वर सांगतात, तिथे माझे वडील आहेत! वेड लागलंय का यांना?"

सांगायला पुन्हा डोंगर चढलो. मला वाटलं, म्हातारा आता नाचेल. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ बरा शे ना?"

या माणसावर चिडायचं तरी कसं, सांगा!