सगळ्यात वेळखाऊ माध्यम

माझ्या पप्पांचं नाक मला खालूनच जास्त पाठ आहे. त्याला कारण व्हिडिओ कॉल. पप्पा मदुराईला गलाईच्या दुकानात असतात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या विट्याकडचे घराघरातले पुरुष याच कामासाठी देशभर पांगलेत, त्यामुळे बापलोक फोनमध्ये राहतात याचं आमच्या गल्लीत कुणाला नवल नव्हतं. मला होतं. दुकान जरा रिकामं झालं की पप्पा फोन सोनं तोलायच्या काट्याला टेकवून ठेवायचे आणि उभ्याउभ्या बोलायचे. मला दिसायची हनुवटी, दोन नाकपुड्या आणि वर गरगरणारा पंखा. "जेवलीस का?" नाकपुड्या विचारायच्या. "जेवले," मी पंख्याला सांगायचे. तेवढ्यात गिऱ्हाईक यायचं, पप्पा कुणाला तरी तमिळमध्ये हाक मारायचे आणि मला म्हणायचे, "ठेवू का गं?" ठेवू नका, असं जिभेवर यायचं आणि तिथंच राहायचं.

बारावीनंतर मी सांगलीला चित्रकला शिकायला गेले. भावकीत सगळ्यांनी नाकं मुरडली. "चित्रं काढून प्वाट भरतंय व्हय?" एकटे पप्पा फोनवरून म्हणाले, "जाऊ द्या तिला." त्या तीन शब्दांवर मी सांगली गाठली.

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी काम दिलं: विषय एकच घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या माध्यमांत काढायचा. पेन्सिल, कोळसा, लिनोकट, जलरंग, शाई. कुणी गणपती घेतला, कुणी कृष्णेचा घाट, एकानं हळदीचं मार्केट घेतलं आणि पिवळ्या रंगाच्या ट्यूबा संपवल्या. मी तावातावानं सांगून बसले, "माझे वडील." सांगताना छाती भरून आली होती. कागदासमोर बसले तेव्हा कळलं, आपल्याकडे काढायला काहीच नाही.

पेन्सिलचं चित्र बघून सर पोट धरून हसले. "अगं, वडील काय छताला टांगलेत काय?" मी फोनमध्ये दिसतं तसंच काढलं होतं, पंख्यासकट. मग कोळशाला पासपोर्टचा फोटो घेतला. सर म्हणाले, "हा कुणीपण असू शकतो." मला संताप आला, आणि संताप यायचं कारण ते खरं बोलत होते हे होतं. लिनोला तर पुरती फजिती झाली. लिनोच्या मऊ लादीवर कोरून छापलेलं कागदावर उलटं उमटतं, त्यामुळे आधी सगळं उलटं काढून घ्यावं लागतं. सरांनी विचारलं, "हा गालावरचा तीळ खरा कुठल्या बाजूला आहे?" मला ठाऊकच नव्हतं. फोनमध्ये तो हनुवटीमागं लपायचा आणि फोटो स्टुडिओवाल्यानं सुंदर करायच्या नादात पुसून टाकला होता. व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. आईलापण चटकन आठवेना. मग म्हणाली, "डाव्या... थांब गं. व्हय, डाव्याच. कशाला पायजे तुला?" आणि चिडून फोन ठेवला. इतकं वाईट मला त्या वर्षात दुसऱ्या कशाचं वाटलं नाही.

सरांनी निकाल देऊन टाकला. "शेवटचं चित्र त्यांना समोर बसवून. फोटोवरून केलेलं मी हातात घेणार नाही." सरांचा धाक होताच. पण खरं सांगायचं तर मला आतून आनंद झाला. पप्पांना माझ्यासमोर बसवायला आता कॉलेजचं कारण मिळालं होतं. पप्पा माझ्यासमोर बसावेत, माझ्याकडं बघावं त्यांनी, एवढंच मला पाहिजे होतं. मार्क गेले चुलीत.

मध्ये आम्हाला पाचगणीला जलरंग करायला नेलं. धुकं आलं की समोरची दरी गायब, गेलं की परत हजर, आणि आमचे कागद वाळायच्या आत सगळं उरकायचं. सर मागून ओरडत होते, "आटपा, आटपा! हे घाईचं माध्यम आहे. ज्याच्याकडं वेळ कमी त्यानं हेच घ्यावं." मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्या वडलांना मग जलरंगच बरे, तासाभरात काम फत्ते. मीही मान हलवली.

पप्पा गावच्या यात्रेला आले. केस काळेभोर करून, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन. गलाईवाला गावात उतरतो तो असाच. घर त्यांनीच बांधलेलं, पण चार्जर कुठं लावायचा हे ते आम्हाला विचारत होते. आल्या आल्या लोकांनी त्यांची वाटणी सुरू केली. भावकी, पाहुणे, देवळाची कमिटी, बोअरची मोटर, यात्रेचं जेवण. मी हातात बोर्ड घेऊन जिन्यात उभी. एक चुलते म्हणाले, "काय रं गड्या, पोरगी वारंट घिऊन उभी हाय बघ." सगळे हसले. मला रडू येत होतं.

शेवटी पप्पाच उठले. "चल. कुठं बसू?"

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकली. पप्पा ताठ बसले, हात गुडघ्यांवर, तोंड जरा तिरपं, नजर माझ्या खांद्यावरून समोरच्या कठड्याकडं. "हसू का?" "नका." "मग काय करू?" "काही नाही. हलायचं नाही फक्त." मी जलरंगाची पेटी उघडली, ब्रश ओला केला आणि माझा हातच थांबला. तासाभरात काम फत्ते, आणि मग पप्पा खाली भावकीत. मी ब्रश पुसला आणि शाईचं पेन काढलं.

ठिपक्यांचं काम आम्हाला शिकवलं होतं. पेन्सिलनं पुसट आखून घ्यायचं, मग शाईनं रेघ ओढायची नाही, पुसायचं नाही, नुसते ठिपके द्यायचे. सावली असेल तिथं दाट, उजेड असेल तिथं विरळ. एक गाल भरायला सकाळ जाते. वर्गात त्याला सगळे शिव्या घालायचे, मीसुद्धा.

"किती येळ लागंल?" पप्पांनी विचारलं.

"लागेल बराच."

"लागू दे की."

खालून आईची हाक आली, "आवं, पाव्हणं आल्यात!" पप्पा मान न हलवता म्हणाले, "बसवा म्हणावं. चित्र चाललंय." जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी पाहुणे ताटकळले. काय सांगू, अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

तीळ उजव्या गालावर होता. आईला मी ते आजतागायत सांगितलेलं नाही. हातांची बोटं टोकांना पिवळी होती. "सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचं हाय, घासून जात न्हाई," पप्पा म्हणाले. काळ्या शाईत पिवळा कुठून आणणार! मी ठिपके देत राहिले आणि पप्पा बोलत राहिले. कधीकधी स्वप्नंसुद्धा तमिळमध्ये पडत्यात म्हणाले. "तवा जागा झालो की आधी तुमची नावं घेतो, मराठीत." मला ठिपका द्यायला दिसेना. मी नाक ओढलं आणि नीब साफ करायचं नाटक केलं.

मी थांबले की ते उठून खोडरबराचे कण, पेन्सिलचा भुगा बोटानं गोळा करायचे आणि कागदात घालून पुडी बांधायचे. म्हटलं, काय करताय? ते ओशाळून हसले. "सवय गं. दुकानात झाडलोट टाकायची नसती. त्यात बी सोनं असतंय. हात धुतलेलं पानी बी आमी गाळून ठिवतो." पुडी त्यांनी काही फेकली नाही, टाकीच्या कठड्यावर ठेवली.

असं रोज सकाळी चाललं. आई दुसऱ्या दिवशीच कुरकुरली, "एवढा येळ लागतो व्हय एका थोबाडाला?" पप्पा म्हणाले, "ह्या चित्रवाल्यांचं काम लय बारीक असतंय." माझ्याकडं बघितलं आणि परत समोर बघायला लागले. त्या बघण्यात काहीतरी होतं, पण तेव्हा मी नुसती ठिपक्यांत घुसले होते.

आता मी साताऱ्यात भाड्याच्या खोलीत बसून पोरांच्या पुस्तकांची चित्रं टॅबलेटवर काढते. त्यात ठिपक्यांचा ब्रश आहे, एकदा फिरवला की आख्खा गाल भरतो. मी तो वापरत नाही. पप्पा अजून मदुराईतच आहेत, फोन अजून काट्यालाच टेकवतात, आणि मला त्यांची आठवण येते ती बोलून झाल्यावर नाही, बोलत असतानाच येते.

त्या यात्रेनंतर पप्पांच्या जायच्या दिवशी विट्यातून दुपारची बस होती. चुलते जीप घेऊन दारात. बॅग बांधून झाली होती. कागदावर कपाळ झालं होतं, डोळे झाले होते, नाक झालं होतं, समोरून. एक गाल झाला होता. दुसरा कोरा. चुलतभाऊ म्हणाला, "फोटू काढून घे की, बघून कर नंतर." मी त्याच्याकडं असं काही बघितलं की तो जिना उतरून गेला.

पप्पा प्रवासाच्या कपड्यांत वर आले आणि खुर्चीवर बसले. "तेवढं हुतंय का बघ." मी ठिपके द्यायला लागले. खाली जीपचा हॉर्न वाजला. परत वाजला. आई हाका मारत होती. पप्पा इतके दिवस दगडासारखे बसले होते, माशी बसली तरी हलला नव्हता माणूस. आता त्यांनी सावकाश आख्खं तोंड माझ्याकडं वळवलं.

"हाललो गं मी," ते म्हणाले.

"असू दे पप्पा. चालतंय."

"चालतंय कसं? आता पयल्यापास्नं काढायला लागंल की."

त्यांचे डोळे भरले होते. म्हणजे मी ठिपकेच का घेतले ते त्यांना कळलं होतं, पहिल्या दिवसापासून कळलं होतं. खाली हॉर्न वाजायचा थांबेना. पप्पांनी पाय ताठ केले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघायला लागले. मी बोर्डावर नवा कागद लावला.