ब्याण्णव नळ्या आणि खंडेनवमी

साल १९८६, दसऱ्याचा दुसरा दिवस. काम ब्याण्णव नळ्यांचं, दोनशे रुपये नग, एकूण अठरा हजार चारशे. कोपरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चौघं हजर होतो: प्रयोगशाळेचे साहेब, आमचा वेल्डर, माझी पत्नी आणि मी.

नळ्या चौकोनी, लोखंडी, पुरुषभर लांबीच्या. आत मधोमध केसाहून बारीक तार, दोन्ही तोंडांना टेफ्लॉनची पांढरी बुचं. साहेब त्यांत वायू भरून त्या एका खोल खाणीत रचणार होते, न्यूट्रिनो शोधायला. हा कण डोंगरातूनही आरपार जातो. क्वचित एखादा खडकात आपटतो आणि त्यातून उडालेला दुसरा कण नळीतून गेला, की तारेवर विजेची खूण उमटते.

"डोंगराला जो दाद देत नाही, तो माझ्या वेल्डिंगला काय देणार?" टिटवाळ्याहून येणारा वेल्डर म्हणायचा.

चाचणी पास झाली तर पुढचं मोठं काम आम्हाला मिळणार होतं. नाहीतर वर्षापूर्वी सुरू केलेलं वर्कशॉप बंद करून मला पुन्हा नोकरी शोधायची होती.

साहेबांनी पहिल्या नळीला वीज जोडली. मीटरचा काटा शून्यावर राहायला हवा होता, तो चढला. दुसरीला चढला, तिसरीलाही.

"वायू नाही, वीज गळतेय," साहेब म्हणाले. "सगळा लॉट परत घ्यावा लागेल." मग भिंग घेऊन बुचावर वाकले. "हे पिवळं काय?"

"हळद," पत्नी म्हणाली. "परवा खंडेनवमीची पूजा केली ना. एकीलाही वगळलं नाही."

"नारळाचं पाणी मी शिंपडलं," वेल्डर म्हणाला.

"या हळद-पाण्याच्या थरावरूनच वीज पळतेय," साहेब म्हणाले. "अहो वहिनी, लोखंडाला लावली असती तरी देव पावला असता!"

"तोंड सोडून पूजा काय पाठीची करायची?"

साहेब हसले आणि बाह्या सारून बसले. पत्नीने केमिस्टकडून स्पिरिट आणलं. चौघांनी बुचं पुसली, पंख्याखाली वाळवली. संध्याकाळी पुन्हा वीज जोडली. काटा जागचा हलला नाही. फक्त दोन नळ्यांत पाणी आत मुरलं होतं, त्या गेल्या. पुढचं काम आमचं झालं.

आता तिथे सात मजली इमारत आहे. स्पिरिटचा वास आला की मला मात्र ती पत्र्याची शेड दिसते, आणि खाली मांडी घालून नळ्या पुसणारे साहेब.

पैसे मिळाले नव्वद नळ्यांचे, अठरा हजार, वर्कशॉपच्या नावाने. त्यातले शंभर वेल्डरला, बक्षिसी म्हणून. आणि चौदा पत्नीला, कारण स्पिरिट तिने घरखर्चातून आणलं होतं.